सोड, ठेव, थांब

गीतांजली तीन वर्षं माहितीपुस्तिका लिहीत होती आणि तिचं एकही पान कुणी वाचल्याचा पुरावा अजून मिळाला नव्हता. अमरावतीच्या एका लहानशा कंपनीत तिची नोकरी होती. कंपनी कारखान्यांतल्या रोबोंसाठी सॉफ्टवेअर बनवायची आणि ते वापरायचं कसं हे गीतांजली लिहायची. ग्राहक पुस्तिका उघडायच्या आधी फोन उचलायचे. “मॅडम, ते बटण कुठलं हो?” ते बटण पान चारवर, चौकटीत, ठळक अक्षरांत असायचं. ती निमूट फोनवर सांगायची.

या वर्षी मात्र तिला वाचक मिळाला. कंपनीनं रोबोच्या हाताला एक एजंट जोडला. बोललेलं ऐकायचं, त्याचा अर्थ लावायचा आणि हाताला कामाला लावायचं, असं करणारा हा प्रोग्रॅम. हाताच्या प्रत्येक कामासाठी एक टूल होतं. उचल, धर, ठेव, सोड, थांब, अशी बावीस. कुठलं टूल कधी आणि कसं वापरायचं, हे एजंटला एकाच ठिकाणाहून कळायचं, ते म्हणजे गीतांजलीनं त्या टूलखाली लिहिलेला मजकूर. तो प्रत्येक वेळी सगळं वाचायचा. ओळ गाळायचा नाही, कंटाळायचा नाही आणि लिहिलं असेल तेच करायचा.

गीतांजली आठ दिवस हवेत होती. मग वरूडहून नत्थुजींचा फोन आला.

नत्थुजींची संत्र्यांची बाग होती आणि बागेला लागून पॅकिंगचं मोठं शेड. आंबिया बहाराच्या फळांची तोडणी जोरात होती. पहिला हात त्यांच्याकडेच बसवला होता. “म्याडम,” नत्थुजी म्हणाले, “तुमच्या त्या हातानं वीस किलोचं क्रेट वरून सोडून देल्लं. कोणाले लागलं नाही, जाळीच्या आतच पडलं. पण काहून सोडलं, ते तं सांगा.”

गीतांजलीचे साहेब शेखर. त्यांनी लगेच तिला वरूडला धाडलं. “शनिवारपर्यंत तिथंच राहा. शनिवारी अकोल्याचे देवमनशेठ हात बघायला येताहेत, त्यांची डाळमिल आहे. तोवर हातानं काही सोडता कामा नये.”

सोमवारी सकाळी ती शेडमध्ये पोचली तेव्हा पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चौदा बाया संत्री निवडत होत्या. पट्ट्याच्या टोकाला जाळीच्या पिंजऱ्यात तो हात होता. बायांच्या डोक्यावर माइक लोंबत होते. बायांची मुकादम सत्यवतीबाई, वय साठीच्या आतबाहेर, पस्तीस वर्षं संत्री निवडण्यात गेलेली. गीतांजलीनं लॅपटॉप उघडून क्रेट पडलं त्या वेळची नोंद काढली. माइकनं ऐकलेलं वाक्य होतं, “सोड ना वो बाई, सोडून दे.” आवाज सत्यवतीबाईंचा.

“मावशी, तुम्हीच सोड म्हणालात,” गीतांजली म्हणाली. “मी लिहिलंय, ‘सोड: पंजा उघडतो.’ त्यानं उघडला. त्याचं काही चुकलं नाही.”

“मंग माहं काय चुकलं?” सत्यवतीबाईंनी हातातला संत्रा दोन नंबरच्या, म्हणजे डागी फळांच्या, खोक्यात टाकला. “ह्या लीलाबाईची नणंद लग्नात हिच्याशी बोलली नाही. तीन दिसापासून ही तेच तेच सांगून राहिली. मी हिले म्हटलं, सोड. हिनं काही सोडलं नाही. त्यानं सोडलं.”

बाकीच्या बाया हसल्या. लीलाबाई हसली नाही, पण तिनं नणंदेचा विषय दुपारपर्यंत काढला नाही.

“तुमी लिवता आन् तो वाचते?” सत्यवतीबाईंनी विचारलं.

“हो.”

“सगळं?”

“सगळं.”

“आन् आपल्या मनानं काहीच करत नाही?”

“शक्यतो नाही.”

“बाप्पा,” सत्यवतीबाई म्हणाल्या, “असा तं कोणाले मिळत नाही.”

गीतांजलीनं त्याच दुपारी मजकूर सुधारला. पंजात वस्तू अधांतरी असेल आणि कुणी ‘सोड’ म्हणालं, तर आधी विचारावं, असं तिनं लिहिलं. हातानं ते अक्षरशः पाळलं. संध्याकाळपर्यंत शेडमध्ये कुणीही कुणालाही काहीही सोडायला सांगितलं की स्पीकरमधून अदबशीर आवाज यायचा, “क्रेट अधांतरी आहे. सोडावे का?” त्यावर सत्यवतीबाई डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणायच्या, “नको बापू, राहू द्या, उगाच तरास.” दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाहिलं तर बायांनी हाताचं नाव ‘जावई’ ठेवलेलं होतं.

गीतांजलीला ते फारसं आवडलं नाही. पुस्तिकेत त्याला ‘यंत्रहस्त’ असं म्हटलं होतं.

मंगळवारची अडचण ‘थांब’ची निघाली. नोंदीप्रमाणे जावई सोमवारच्या एका दिवसात एक्केचाळीस वेळा थांबला होता. त्यातल्या दोनच वेळा कुणाला तो थांबायला हवा होता. बाकी सगळं, “थांब वो, केस अडकला माहा,” आणि “थांब, मंग काय म्हणे तुही सासू?” असं होतं. गीतांजलीला हे सोपं वाटलं. तिनं एक नेटकं वाक्य लिहिलं, ‘थांब हा शब्द यंत्रहस्ताला उद्देशून असेल तरच थांबावे.’ दुपारपर्यंत जावई एकदाही विनाकारण थांबला नाही. तिनं शेखरसाहेबांना तसा निरोपही टाकला.

तीनच्या सुमाराला एका खोक्याचं झाकण आत दुमडलं. जावयाला ते दिसलं नाही. तो त्या झाकणावर संत्री ठेवून दाबत राहिला. लीलाबाईला दिसलं आणि ती ओरडली, “अवं थांब! थांब थांब!” जावई थांबला नाही. चार संत्र्यांचा रस झाला, पाचव्याचा होतच होता, तेवढ्यात सत्यवतीबाईंनी पळत जाऊन दाराजवळचं लाल बटण दाबलं.

गीतांजलीनं नोंद उघडली. एजंटनं आपलं कारण लिहून ठेवलं होतं. ‘अवं’ हे संबोधन बाईला करतात. यंत्रहस्त बाई नाही. सबब हे वाक्य यंत्रहस्ताला उद्देशून नाही.

“असं म्हणते?” सत्यवतीबाईंनी कमरेवर हात ठेवले. “आज संत्र्याचा रस झाला. उद्या तथी कोणाची बोटं असली तं? तो व्याकरण पायत बसन?”

“पण मावशी, जाळीच्या आत कुणी जाऊ शकत नाही. आणि लाल बटण आहेच ना.”

“बटन तिकडं दाराजोळ हाये. तोंड इथी हाये.”

गीतांजलीनं तीन वर्षांत सुरक्षेची सहा पानं लिहिली होती. त्या सहा पानांत एवढं सरळ वाक्य एकही नव्हतं. ती खुर्चीवर बसली आणि सकाळचा नेटका मजकूर तिनं खोडला. त्या जागी लिहिलं, ‘थांब. कोणीही, कोणालाही, कोणत्याही कारणाने म्हणाले तरी थांबावे. विचार नंतर करावा.’

“पण मग तो पुन्हा एक्केचाळीस वेळा थांबणार,” ती म्हणाली.

“नाही थांबत. आमी त्याच्यापुढं थांब म्हणतच नाही. दुसरं काही म्हणू.” सत्यवतीबाई वळल्या. “आयका वो सगळ्या! आजपासून शेडात कोणीच कोणाले थांब म्हणाचं नाही. दम धर म्हणाचं. थांब हा शबद फक्त खऱ्या येळी.”

“चौदा जणींची जन्माची सवय आहे मावशी. ती अशी कशी बदलणार?”

“त्याची तू लिवून बदलली का नाही? या बायायची मी बोलून बदलतो.”

‘तुमी’चं ‘तू’ झालेलं गीतांजलीच्या लक्षात आलं. तिला बरं वाटलं. सवय मात्र चुटकीसरशी बदलली नाही. बुधवारी जावई एकोणीस वेळा उगाच थांबला, त्यातल्या अकरा वेळा एकट्या लीलाबाईमुळे. गुरुवारी सहावर आलं. दोन बाया घरीही नवऱ्याला दम धर म्हणायला लागल्या. एकीच्या नवऱ्याला ती धमकी वाटली आणि ते फायद्याचंच झालं, असं तिनं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं.

गुरुवारी वेगळंच निघालं. जावयानं बुधवारी भरलेली खोकी नत्थुजींनी उघडून पाहिली तर संत्र्यांवर बोटांचे बारीक खळगे होते. काहींचे देठ निघाले होते. सत्यवतीबाईंनी एक फळ गीतांजलीच्या नाकापुढे धरलं. “देठ निंघाला का संत्रा तिथूनच सडते. दिल्लीले पोचेपर्यंत खोकंच्या खोकं जाईन. काय लिवलं तू धराच्या जागी?”

गीतांजलीनं वाचून दाखवलं. ‘धर: वस्तू पकडतो. फळासाठी जोर सहा न्यूटन.’

“हे न्यूटन म्हणजे काय?”

“जोर मोजायचं माप. तुम्ही किती जोरात धरता?”

“जेवढं लागते तेवढं.”

“आकड्यात सांगा ना.”

“आकड्यात संत्रा धरते का कोणी? भाजलेला पापड ताटात ठेवतो का नाही, तसा धराचा. आन् पोटाकून धराचा, देठाकून नाही.”

पोटाकडून, देठाकडून नाही, हे गीतांजलीनं लगेच लिहून घेतलं. पापडाचं काय करावं हे तिला कळेना. मग तिची नजर कोपऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक तोलकाट्यावर गेली. “मावशी, याच्यावर बोट ठेवून दाबा. संत्रा धरता तेवढंच.”

सत्यवतीबाईंना हा पोरखेळ वाटला, पण त्यांनी दाबलं. एकशे नव्वद ग्रॅम. पुन्हा दाबायला सांगितलं, एकशे पंच्याऐंशी. डोळे मिटून दाबायला सांगितलं, एकशे नव्वद. गीतांजली काट्याकडे पाहतच राहिली. कंपनीतला महागडा सेन्सरही इतका एकसारखा आकडा देत नव्हता.

मग सगळ्यांनाच दाबून पाहायचं होतं. लीलाबाईचे चारशे वीस निघाले. “म्हणूनच हिच्या पोळ्या फाटते,” कुणीतरी म्हणालं. नत्थुजींनी दाबलं, ते नऊशेवर गेले. त्यांना त्यांच्याच शेडमधल्या फळाला हात लावायची तिथल्या तिथं बंदी झाली. शेवटी गीतांजलीला पुढं ढकललं. तिनं आपल्या मते अगदी हलकं बोट ठेवलं. सातशे दहा.

“तू लिवतच जाय, बाई,” सत्यवतीबाई म्हणाल्या.

एकशे नव्वद ग्रॅम म्हणजे दोन न्यूटनहूनही थोडा कमी जोर. गीतांजलीनं सहा खोडून तो आकडा घातला. खाली साल फुगलेल्या फळासाठी वेगळी सूचना लिहिली आणि संध्याकाळी जावयानं भरलेलं खोकं सत्यवतीबाईंसमोर उघडलं. त्यांनी प्रत्येक संत्रा उलटून पाहिला. मग एक संत्रा काढून त्याचं तोंड फिरवून परत ठेवला, आपलीही काही गरज आहे हे दाखवल्यासारखं.

शुक्रवारी दुपारी शेखरसाहेबांचा फोन आला. त्यांनी नवा मजकूर वाचला होता. म्हणजे चाळला होता. “काम चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण उदाहरणांत हे काय लिहिलंस? ‘त्याले इकून घे.’ ‘काहून दाबून राहिला?’ ‘राहू दे तथीच.’ उद्या पुण्याचे लोकही वाचतील. जरा शुद्ध कर.”

गीतांजली भातकुलीची. वडील भाजीपाला पिकवायचे आणि अमरावतीच्या बाजारात आणायचे. शिकायला दोन वर्षं पुण्यात होती. तिथं खोलीतल्या मुली तिच्या ‘मले’वर पोट धरून हसायच्या. कुणी वाईट नव्हत्या, पण त्या दोन वर्षांत तिनं आपली भाषा अशी काही घासूनपुसून काढली की नंतर अमरावतीला परत आल्यावरही ती चुकून घसरली नाही. ऑफिसात तर कधीच नाही.

“सर, ते एजंटला समजावं म्हणून आहे,” ती म्हणाली. “बाया जशा बोलतात तशी उदाहरणं नाही दिली तर...”

“अगं, एजंटला प्रमाण मराठी उत्तम येतं.”

“त्याला येतं सर, पण बाया नाही ना तसं बोलत! बाया म्हणतील ‘राहू दे’, आन् तो समजन भलतंच. आपण नाही लिवलं तं त्याले समजन कसं?”

बोलून झाल्यावर तिला ऐकू आलं आपण काय बोललो ते. तिचे कान तापले.

“काय म्हणालीस?” शेखरसाहेबांनी विचारलं.

“त्याले,” गीतांजली म्हणाली. आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता.

शेखरसाहेब मूळचे अकोटचे, वऱ्हाडातलेच. ऑफिसात ते पुण्याचं मराठी बोलायचे आणि चिडले की इंग्रजी. आता मात्र ते म्हणाले, “मंग राहू दे तसंच. उद्यापर्यंत होईन ना पण?”

“होऊन राहिलं सर.”

शनिवारी अकरा वाजता देवमनशेठ आले, पाठोपाठ शेखरसाहेब. शेखरसाहेबांनी टाय बांधला होता. देवमनशेठ उंचेपुरे, मोठ्या आवाजाचे, हसरे गृहस्थ. त्यांना हात दाखवला, पट्टा दाखवला, जाळी दाखवली. जावयानं पाठोपाठ तीन खोकी भरली, एकही फळ न दुखावता. देवमनशेठ मान हलवत होते. शेखरसाहेबांनी पाठीमागून गीतांजलीला अंगठा दाखवला.

मग नत्थुजींनी तिसरा चहा पुढं केला. देवमनशेठ दोन्ही हात हलवत म्हणाले, “राहू द्या, राहू द्या!”

जावई संत्रा धरून हवेत जागच्या जागी थांबला. ‘राहू दे’चे ‘तसंच ठेव’ आणि ‘नको’ असे दोन अर्थ होतात, शंका आली तर विचारावं, असं गीतांजलीनंच लिहिलं होतं. स्पीकर बोलला, “काय राहू द्यावे?”

देवमनशेठ दचकून पिंजऱ्याकडे वळले. “चहा गा! चहा राहू दे म्हटलं.”

“आभारी आहे,” जावई म्हणाला आणि संत्रा खोक्यात ठेवला.

शेखरसाहेबांचा चेहरा पडला, पण देवमनशेठ इतके हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. हसणं थांबतं न थांबतं तोच त्यांचा फोन वाजला. घरून होता. “थांब ना जरा, इथी कामात हावो मी,” ते ओरडले. जावई जागीच गोठला.

“शेठ, इथी दम धर म्हणा लागते,” सत्यवतीबाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीवर खिळ्याला अडकवलेले कागद दाखवले. गीतांजलीनं बावीस टूलांचा मजकूर बायांसाठी मोठ्या अक्षरांत छापून तिथं लावला होता.

देवमनशेठनी खिशातून चष्मा काढून लावला आणि कागद खिळ्यावरून उतरवले. उभ्या उभ्या ते वाचायला लागले. पहिलं पान झालं, दुसरं झालं. शेखरसाहेब हाताची वैशिष्ट्यं सांगू लागले, तर शेठनी त्यांना बोटानं गप्प केलं. गीतांजली पट्ट्याशी उभी राहून बघत होती. एक जिवंत माणूस तिचा मजकूर ओळीवर बोट ठेवून वाचत होता. मध्येच तो हसत होता, मागची ओळ परत वाचत होता. काय करावं हे न सुचून तिनं एक संत्रा उचलला आणि सत्यवतीबाईंनी तो तिच्या हातून काढून घेतला.

वीस मिनिटांनी शेठनी वर पाहिलं. “कोणं लिवलं हे?”

शेखरसाहेबांनी गीतांजलीकडे हात केला. गीतांजलीनं सत्यवतीबाईंकडे केला. सत्यवतीबाईंनी कुणाकडेच केला नाही, त्या निवडत राहिल्या.

“साहेब, यंत्राचं मंग पाहू,” देवमनशेठ म्हणाले. “हे कागद मले द्या.”

“कागद?”

“माया मिलमंदी बावीस माणसं हाये. मी एक सांगतो, ते दुसरंच समजते, आन् दिवसभर माहं भांडण चालू. कशाले काय म्हणाचं आन् म्हटलं का काय कराचं, हे कोणी असं लिवूनच ठेवलं नाही. हे पाहा, ‘थांब म्हणाले तरी थांबावे, विचार नंतर करावा.’ हे मी माया माणसायले उद्याच वाचून दाखवतो.”

“अहो, पण ते यंत्रासाठी आहे.”

“माणसायले समजलं तं बिघडन काय?”

शेखरसाहेब टाय सैल करत कसंनुसं हसले. कागद दिले. जाताना देवमनशेठनी गीतांजलीला विचारलं, अकोल्याला येऊन आठ दिवस मिलमध्ये बसशील का, पोत्यांचं आणि डाळीचं असंच लिहून देशील का. ती शेखरसाहेबांकडे बघायला लागली. शेखरसाहेब मोटारीकडे बघायला लागले. शेवटी त्यांनीच हो म्हटलं. हाताची मागणी अकोल्याहून अजून आलेली नाही. येईल, असं शेखरसाहेब प्रत्येक बैठकीत सांगतात.

ते गेल्यावर सत्यवतीबाईंनी पट्टा बंद करायला लावला. जेवणाची वेळ झालीच होती. “आता आमाले वाचून दाखव,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून. माहं काय काय घातलं त्यात, ते पायतो मी.”

शेठनी नेलेल्या कागदांच्या जागी गीतांजलीनं दुसरी प्रत काढली. बाया डबे उघडून पोत्यांवर बसल्या. ती वाचत गेली, उचल, धर, ठेव, सोड. तिनं आजवर आपला मजकूर मोठ्यानं कधीच वाचला नव्हता. दोन ठिकाणी तिचं तिलाच कळलं नाही, तिथं तिनं पेन्सिलनं खूण केली. ‘धर’च्या पानावर सत्यवतीबाईंनी भाकरीचा घास हातात तसाच ठेवून तिला अडवलं.

“काय म्हटलं? पोचट?”

“साल सुटलेलं फळ. पोचट.”

“पोचट माणूस अस्ते. संत्रा फुगर म्हणाचा.”

गीतांजलीनं पोचट खोडून फुगर लिहिलं. लीलाबाईनं विचारलं, तिचं ‘अवं थांब’ कुठं आलं का. आलं होतं, उदाहरण तीन. लीलाबाईनं ते दोनदा वाचायला लावलं आणि संध्याकाळी नणंदेला फोन करून सांगायचं ठरवलं.

चारची एसटी होती. गीतांजली नत्थुजींच्या दुचाकीवर बसत असताना सत्यवतीबाईंनी तिच्या हातात एक पिशवी दिली. सात-आठ संत्री होती. गीतांजलीनं आत बघितलं. आठवडाभरात तिला एवढं कळायला लागलं होतं.

“मावशी, ही तर दोन नंबरची आहेत.”

“मंग? एक नंबर दिल्लीले जाते.” सत्यवतीबाईंनी पदर खोचला आणि शेडकडे वळल्या. “खायाले हेच गोड अस्ते. जाय, एसटी निंघून जाईन.”